बाळंतिणीची मोरी

मालवणच्या किनाऱ्यावर ती मोरी वाळूत आपटत होती. पुरुषभर लांबीचा शार्क. तिच्या शेपटीच्या फटक्याने एका खलाशाचं मनगट मोडलं. सुगंधाने पदर खोचला, कोयता उचलला आणि तिच्या डोक्यावर सलग चार घाव घातले. रक्त तोंडावर उडालं. तीस वर्षं मासे कापणाऱ्या बाईला त्याचं काय?

लेक सारिका माहेरी आली होती, बारा दिवसांची बाळंतीण. अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणीला मोरी घालायची, हा इथला रिवाज. लोक हातभर पिल्लं नेतात. सुगंधाने मायेपोटी सगळ्यांत मोठी निवडली. पाठीचं मांस काढून तिने नवऱ्याला, गणपतला, कालवण टाकायला घरी धाडलं आणि गिऱ्हाइकांचे मासे कापत बसली.

कॉलेजातली तेजस्वी दर मंगळवारी माशांचे तुकडे तपासणीला न्यायची. पाण्यातला पारा बारक्या माशांत शिरतो, त्यांना खाणाऱ्यांत साठत जातो, मोठ्या मोरीत सगळ्यांत जास्त, आणि आईच्या दुधातून बाळापर्यंतही पोचतो, हे ती कधीपासून सांगत होती. "मगे आमी काय खावचा, तुजी पुस्तकां?" म्हणून सुगंधा तिला हसायची.

दुपारी तेजस्वीसमोरच तिने मोरीचं पोट फाडलं. आतून अर्धी पचलेली सुरमई घसरली. सुरमईचं पोट चिरलं, तर आत दहा-बारा पेडवे, बोटभर मासे.

"मावशी, अशा किती सुरमया खाल्ल्या असतील हिनं?" तेजस्वीने विचारलं.

सुगंधा ताडकन उठली. हातातल्या कोयत्यासकट ती घराकडे धावत सुटली.

सारिकाने पहिला घास उचलला होता. सुगंधाने ताट लाथेने उडवलं, शेगडीवरचं भांडं उलथून टाकलं. उकळता रस्सा गणपतच्या पायावर सांडला. त्याने तिच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला. सारिका बाळाला छातीशी घेऊन भिंतीला चिकटली.

"पिशी झालंस काय गो?" गणपत ओरडला.

"हजार माशांचा वीख त्या एकट्या मोरीन पोटात साठवल्यान," सुगंधा म्हणाली. "ता मी माज्या नातवाक पाजू?"

गणपतने तिच्या हातातल्या कोयत्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. सुगंधाने रक्त थुंकलं आणि सकाळच्या टोपलीतले पेडवे ओढून ते साफ करायला बसली. लेक भुकेली होती.

तेवढ्यात मांजर सांडलेल्या रश्श्याला तोंड लावायला आलं. "वीख आसा ता!" म्हणत गणपतने भाजल्या पायानेच त्याला लाथ घातली. ते अंगणात जाऊन आदळलं.