नऊ अंगठे आणि माणिकरावांच्या अक्षता

"दारात उभं राह्यल्याबिगर निरोप पोचत नाही," हे माणिकरावांचं बोलणं केनवडात लेकरांनाही पाठ. तीस वर्षं त्यांनी गावोगावी लग्नपत्रिका पोचवल्या. सायकलच्या दांड्याला पिशवी, पिशवीत पत्रिका आणि हळदीच्या अक्षता. हातावर अक्षता पडल्याशिवाय आमंत्रण झालं असं इकडे कोणी मानत नाही; सख्खा मेहुणाही रुसून बसतो. मग पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या, आणि माणिकराव ओट्यावर बसून माश्या हाकलू लागले.

यंदा माझी पहिली कादंबरी तयार झाली. प्रकाशक म्हणाले, ई-बुकची फाईल आधी दहा जणांना वाचायला द्या. रविवारपर्यंत पाच खरे अभिप्राय आले तर पुस्तक काढू, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. मी फाईल पाठवली. चार मिनिटांत नऊ अंगठे आले. दोनशे पानं, चार मिनिटं! एवढ्या वेगानं तर आमच्याकडे सोयाबीनही निघत नाही.

दहावे माणिकराव. ते तणतणत घरीच आले.

"काहून रे, मले नुसतं मोबाईलवर ढकललं? आमंत्रणाची काही रीत हाय का नाही?"

"भाऊ, पुस्तक हाय ते, लगन नाही."

"म्हणूनच कोणी येऊन नाही राह्यलं तुह्या मांडवात!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल काढली. प्रत्येक दारात अक्षता द्यायच्या, समोर फाईल उघडायला लावायची, पहिलं पान वाचून होईपर्यंत हलायचं नाही. गोविंदसिंग गुरुजी म्हणाले, "वाचलं ना, लय भारी!"

"नायकाचं नाव सांगा गुरुजी."

गुरुजी म्हशीकडे पाहू लागले.

"म्हशीचं नाही, नायकाचं."

रविवारी दुपारपर्यंत चार अभिप्राय आले. पाचवा माणिकरावांचाच राहिला. त्यांना ओळीखाली बोट ठेवून वाचायची सवय. बोट लागलं की मोबाईलवर पान पळायचं. तरी त्यांनी पूर्ण वाचलं होतं.

"पहिले चाळीस पानं काप," ते म्हणाले. "तोवर नुसतं पाऊसपाणी. माणूसच दिसत नाही."

"भाऊ, दोन ओळी बऱ्या लिहा ना. सारं पुस्तक अटकलं हाय."

"तीस वर्सं पत्रिका वाटल्या मी. नवरदेव देखणा हाय असं कोणाले सांगतलं नाही. तारीख सांगतली, जागा सांगतली, निंगलो."

जे बोलले तेच त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं. खाली भर घातली, "पुढचं एका बैठकीत वाचलं." आणि थेट प्रकाशकांना पाठवून दिलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. पुस्तक काढतो, ती चाळीस पानं कधी कापून देता?

मी ते माणिकरावांना वाचून दाखवलं. माणिकरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, धोतराचा सोगा सावरला, आणि सायकल हातात धरून बाजाराच्या रस्त्यानं निघाले. समोरच्या ओट्यावर डाळ निवडणारी गोमतीबाई हात थांबवून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. मी उंबऱ्यातून पाहत होतो. त्यांनी काही मागं वळून पाहिलं नाही.