अंगाच्या मापाची फटफटी

माझं बूड कुठं टेकत नाही, ही आईची तक्रार मी चालायला लागलो तेव्हापासूनची. एवढं मोठं असून टेकत नाही, ही थोरल्या बहिणीनं त्यात घातलेली भर. आमच्या घरात अंगानं मी सगळ्यांत मोठा. उंच नव्हे, रुंद. शर्टाचं कापड घ्यायला गेलो की दुकानदार आधी माझ्याकडे पाहायचा, मग ठाणाकडे, आणि मग सुस्कारा सोडून कात्री उचलायचा. असल्या माणसानं ओट्यावर मांडी ठोकून गावाला सल्ले द्यावेत, अशी लोकांची अपेक्षा. मला मात्र ओट्यावर चहा थंड होईपर्यंत बसणंही जड जाई.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. वर्ध्यातल्या एका जिनात मी नोकरीला होतो. सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा तो कारखाना. तिथं माझ्यासारख्यांना दोनच कामं. एक काट्यावरचं: कापसाच्या बैलबंड्या फाटकातून आत येणार, तोलल्या जाणार, आणि आपण हंगामभर खुर्चीत. दुसरं फिरतीचं: सेलू, समुद्रपूर, जामकडची गावं हिंडायची, शेतकऱ्याच्या घरी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, धागा ओढून पाहायचा आणि तिथंच सौदा पक्का करायचा. पहिल्या हंगामात मला फिरती मिळाली आणि मी सुखी झालो. रोज नवं गाव, नवा चहा, नवी भांडणं. फक्त सायकलला ते सुख सोसलं नाही. तिच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला, जोडला, पुन्हा मोडला, आणि शेवटी सायकलवाल्यानंच माझ्यापुढे हात जोडले.

दसऱ्याच्या आधी शेठजींनी, म्हणजे जिनाच्या मालकांनी, मला बोलावलं. दुसऱ्या जिनाची माणसं फटफटीवरून येऊन आमच्या आधी सौदे उरकत होती, हे त्यांना खुपत होतं.

"देखो भाई," ते म्हणाले, "कापूस आता सायकलच्या चालीनं मिळत नाही. तू फटफटी घे, पेट्रोल मी देतो. हंगाम भरात येईपर्यंत नीट चालवता आली, तर फिरती तुझी. नाही तर काट्यावर बस. सावली आहे, वर पंखा आहे."

पंखा त्यांनी चांगल्या मनानंच सांगितला. त्या पंख्याखाली मी म्हातारा होणार, हे मला मात्र तिथं उभ्या उभ्या दिसलं.

फटफटी कोणती घ्यायची, हे बाबांनी ठरवायचं, यात घरात कोणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. बाबा शेती करत, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख बैल पारखणारा माणूस अशी. कोणाला बैल घ्यायचा असला की बाबांना बाजारात घेऊन जायचे. ते बैलाला चालवून पाहत, मागचा खूर कुठं पडतो ते वाकून पाहत, बसवून उठवत, आणि सगळ्यांत शेवटी जोडी पाहत. एक उंच आणि एक ठेंगणा जुंपला की जू कलतं आणि माना सोलतात, यावर ते घटकाभर बोलू शकत. फटफटीचं नाव काढल्याबरोबर त्यांनी धुवट धोतर नेसलं, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि आम्ही पुलगावची गाडी धरली.

पुलगावात एका ठेकेदारानं लढाईच्या काळातल्या फौजी फटफट्या लिलावात घेतल्या होत्या आणि वरून काळा रंग मारून विकायला ठेवल्या होत्या. त्या वेळी दोनच उरल्या होत्या. एक लहान, हलकी. दुसरी एवढी दांडगी, की तिच्या टाकीवर पोरगं झोपवता आलं असतं. बाबा दोघींभोवती फिरले. लहानीकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"हे वासरू हाय," ते म्हणाले. "तुह्याखाली बसून जाईन." मग दांडगीच्या टाकीवर थाप मारली. "मोठ्या अंगाले मोठंच जनावर पायजे. जोडी जमली पायजे."

ठेकेदारानं मान डोलावली. तो कशावरही डोलावत होता. मी दांडगीवर बसलो तेव्हा त्यानं दुसऱ्या बाजूनं ती घट्ट धरून ठेवली, त्यामुळे वजन काय असतं ते मला कळलंच नाही. एवढं कळलं की दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला लागत होते.

"बाबा, पाय नीट टेकत नाहीत."

"बंडीवर बसतं तव्हा टेकते का पाय?"

मलाही घाई झाली होती. कापूस फुटायला लागला होता, दुसऱ्या जिनाची माणसं हिंडत होती, आणि मी तिथं चवड्यांवर तोलत बसलो होतो. मी हो म्हटलं. घरातल्या आधीच्या वर्षीच्या कापसाचे पैसे त्या फटफटीत गेले.

सुटली की ती झकास चालायची. सरळ रस्त्यावर तिच्यासारखी दुसरी नसेल. तिचं आणि माझं भांडण थांबताना व्हायचं. वेग कमी झाला की ती एका बाजूला झुकायला लागे, मी चवडा टेके, आणि चवड्यावर काय राहणार? गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मी तीन-चारदा आडवा झालो. तिथं पाहायला कोणी नव्हतं. शेवटी एका सकाळी मी ती जिनात नेली. फाटकाशी बंड्यांची रांग होती. मी थांबायला गेलो आणि रांगेसमोर, शेठजी ओसरीत उभे असताना, सावकाश, कोणालाही वाचवायला वेळ मिळावा इतक्या सावकाश, उजव्या अंगावर पडलो.

लागलं काही नाही. पण मला ती उचलेना. मी हँडल धरून ओढलं, सीट धरून ओढलं, कमरेतून वाकलो, धापा टाकल्या. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आधी त्याले उचला, मंग फटफटीले." सगळे हसले. शेवटी बंडीवाले चौघं उतरले आणि त्यांनी ती उभी केली. शेठजी हसले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

"आजपासून काट्यावर बस," ते म्हणाले. "दिवाळी होऊ दे. मग पाहू."

मी काट्यावर बसलो. पंखा खरोखरच होता. त्याची कुरकुर ऐकत मी बंड्या तोलत होतो. प्रत्येक बंडीवाल्याला मी, तू कुठल्या गावाचा, रस्ता कसा आहे, तिकडे कापूस कसा आहे, असं विचारी. लोक कंटाळून म्हणत, "साहेब, तोला ना लवकर." मी उठे, फाटकापर्यंत जाई, परत येई. खुर्चीला हात होते, त्यांत मी अडकून बसे. उठलो की ती माझ्याबरोबर थोडी वर येई. मी रागानं ती खाली आपटत असे.

बाबा एकदा आपला कापूस घेऊन आले, तेव्हा त्यांनी मला त्या खुर्चीत पाहिलं. संध्याकाळी मी त्यांच्याच रिकाम्या बंडीत बसून घरी निघालो. दांडगी घरी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. बाबांनी कासरा सैल सोडला होता.

"माहं चुकलं," ते एकदम म्हणाले. "बैल पडला तं सोताहून उठते. हे उठत नाई. हे पाह्यलंच नाई मी."

बाबांच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मी चटकन म्हटलं, "मलाही कुठं सुचलं?" पण ते माझं ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यात पुढच्या फटफटीचं चक्र सुरू झालं होतं.

ठेकेदारानं पुष्कळ कुरकुर करून दांडगी परत घेतली. नालवाडीत एक म्हातारे कंपाउंडर राहत होते. नजर अधू झाल्यानं ते आपली मधल्या मापाची फटफटी विकणार होते. आम्ही गेलो. मी बसलो. सीटच्या स्प्रिंगा कण्हल्या, मागचं चाक दबलं, कंपाउंडर म्हणाले की हवा जरा जास्त भरा. पण माझे दोन्ही पाय टाचांसकट जमिनीवर होते. मला उठावंसंच वाटेना.

बाबांनी मात्र अजून सौदा पटल्याची सुपारीही कातरली नव्हती. ते म्हणाले, "आता हिले आडवी पाडून पाहू."

कंपाउंडरांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्यांनी तिला ओरखडा येऊ दिला नव्हता. बाबा हटेनात, जनावर बसवून उठवल्याशिवाय त्यांनी कधी घेतलं नव्हतं. शेवटी कंपाउंडरांच्या बायकोनं आतून एक जाड गोधडी आणून अंगणात पसरली आणि आम्ही तिघांनी ती फटफटी, आजारी माणसाला निजवावं तशी, गोधडीवर निजवली.

"उचल," बाबा म्हणाले.

पहिल्यांदा मी कमरेतून ओढलं आणि ती नुसती हलली. मग गाठोडं उचलताना बसतो तसा गुडघ्यांत बसलो, एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि मांड्यांच्या जोरावर वर आलो. ती उभी राहिली. त्या दिवशी माझं हे अवाढव्य अंग मला पहिल्यांदा उपयोगाचं वाटलं.

बाबांचा चेहरा तरी उजळला नाही. "लहान दिसते तुह्याखाली," ते हळूच म्हणाले. "लोकं हसतीन."

तेव्हा मला कळलं की दांडगी त्यांनी का घेतली होती. माझ्या अंगावरून लोक आयुष्यभर हसले होते आणि ते त्यांनी माझ्याहून जास्त मोजलं होतं. "हसू द्या, बाबा," एवढंच मी म्हटलं.

दिवाळीनंतर मी ती फटफटी घेऊन जिनाच्या फाटकाशी आलो. बंड्यांची रांग तशीच लागलेली. त्यांत बाबांचीही बंडी. शेठजी ओसरीतून पाहत होते. मी वळलो आणि फटफटीच्या आवाजानं एक बैल बुजला, बंडी आडवी आली, मी ब्रेक दाबला, सांडलेल्या सरकीवरून चाक घसरलं आणि मी पुन्हा सगळ्यांच्या समोर आडवा.

माणसं बंड्यांवरून उड्या टाकून धावली. बाबा सगळ्यांच्या पुढे होते. माझ्यापासून दोन पावलांवर ते थांबले, वळले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी बाकीच्यांना अडवलं.

"थांबा बे," ते म्हणाले. "त्याले उचलू द्या."

मी गुडघ्यांत बसलो. उचलली. किक मारली, बंद. पुन्हा मारली, लागली. शेठजी ओसरीतून ओरडले, "समुद्रपूरकडे जा. आजच."

मी फटफटी वळवली आणि फाटकातून मागे पाहिलं. बाकीची माणसं केव्हाच आपापल्या बंडीवर जाऊन बसली होती. बाबांचे हात अजून पसरलेलेच होते.