खाऱ्या पाण्यावरची झिनिया

सगळे तिला ‘खारट मावशी’ म्हणत, ते काही उगाच नाही. रोपवाटिकेच्या मागे, तापलेल्या पत्र्याच्या भिंतीला खेटून तिचा झिनियाचा वाफा होता. नऊ वर्षं तिने त्याला खाऱ्या विहिरीचंच पाणी पाजलं. पहिल्या वर्षी शंभरातली नव्वद रोपं करपली. करपणाऱ्यांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. उरलेल्यांचं बी धरलं, तेच पुढल्या उन्हाळ्यात पेरलं. नवव्या पिढीत शंभरातली साठ तगली. कुठलंच झाड मीठ पचवायला शिकलं नव्हतं. ज्यांच्या रक्तातच ते होतं, तीच मागे उरली होती.

तिची निवृत्ती तोंडावर आली होती. दहाव्या पिढीचं बी हातात घेऊनच बाहेर पडायचं, हे तिने ठरवलं होतं.

आजारी बहिणीपाशी तीन आठवडे राहून ती परतली, तर वाफा फुलांनी नुसता लगडलेला. वर हिरवी जाळी, खाली गोड्या पाण्याची नळी.

नवे साहेब हसत आले. “बघा मावशी, कशी टवटवीत केली तुमची पोरं! मरायला टेकली होती बिचारी. उद्या पाहुणे यायचेत.”

“मरायलाच ठेवली होती.”

“अहो, फुलांवर एवढा राग?”

“फुलांवर नाही, साहेब. जी जायची तीही फुलली. मधमाश्यांनी त्यांचे पराग धडधाकट झाडांवर नेऊन फासले. आता यातलं कुठलं बी खरं, सांगा की मला!”

“मग पुढल्या वर्षी पुन्हा पेरा.”

“पुढल्या वर्षी तुम्ही असाल इथे. मी नाही.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “बाजारात पुड्या मिळतात हो झिनियाच्या.”

तिने कोयता घेतला. चांगली, वाईट, सगळी झाडं बुंध्याशी कापली. साहेब “मावशी, अहो मावशी!” करत राहिले. जाळी तिने ओरबाडून काढली, गोड्या नळाची चावी उपसून कमरेला खोचली. घरी औषधाच्या बाटलीत नवव्या पिढीचं मूठभर बी शिल्लक होतं. पेरल्यापासून नव्वद दिवसांत झिनिया बी धरते, आणि निवृत्तीला अजून साडेतीन महिने होते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा उघड्या वाफ्यावर एक बाई झारी ओतत होती.

“इथे काय लावलंय?” एकाने विचारलं.

“नंतर या,” ती मान वर न करता म्हणाली. “मेलेली मोजून झाली की.”