ऐन सीझनातला लेप्टो

“लेप्टोस्पायरोसिस,” डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, एखाद्या कंपनीचं नाव असेल. रोह्याला कंपन्यांना काय तोटा! मग त्यांनी समजावलं. उंदीर-घुशींची लघवी साचलेल्या पाण्यात मिसळते आणि ते पाणी पायाच्या भेगांतून अंगात शिरतं. लिव्हर धरतं, किडनी धरतं. “तुमची किडनी धरलीय,” ते म्हणाले.

तुम्ही म्हणाल, ताप आला तेव्हा ही बाई झोपली होती का? अहो, झोपायला वेळ कुठे! पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. श्रावण लागला की आमच्याकडे देव नसतात, नग असतात. “एवढे नग राहिले, तेवढा माल टेम्पोत चढवा,” दिवसभर हेच. माझं काम डोळ्यांच्या आखणीचं. रंगकाम उरकलं की सगळ्यात शेवटी डोळे. माझ्या कुंचल्याशिवाय मूर्ती उंबरा ओलांडत नाही, असा माझा तोरा.

त्यामुळे ताप आला तर गोळी घेतली. डोळे लालबुंद झाले. म्हटलं, बारीक रेघा मारून होतातच. पोटऱ्यांना हात लाववेना, तर म्हटलं, मांडी मोडून बसून आखडल्यात. कारखान्यात पावसाचं पाणी शिरलं होतं आणि मी त्यातून अनवाणी फिरत होते, हे मनातसुद्धा आलं नाही. आमच्या धंद्यातल्या कुणाचाही हाच घोळ होईल, म्हणून मुद्दाम लिहिते. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांचं दुखणं एकत्र आलं तर कामावर ढकलू नका. आधी दवाखाना गाठा.

माझा धाकटा भाऊ रोह्याला कंपनीत आहे. त्याच्या घरची मूर्ती आमच्याकडेच असते. ती कुठवर आली ते बघायला तो शिफ्ट संपवून आला आणि माझं तोंड बघून मूर्ती विसरला.

“ताय, डोळं बघ गो तुझं! हळदीवानी पिवळं दिसतात!”

आमचे हे म्हणाले, “चतुर्थी होऊ दे, मग दाखवू.”

“चतुर्थीला ही ऱ्हायला पायजे ना, दाजी!” भाऊ ओरडलाच. त्याने मला उचलल्यासारखीच रिक्षात घातली आणि रोह्याला, स्वतःच्या घराजवळच्या हॉस्पिटलात नेली.

सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. लघवीला कॅथेटर, म्हणजे नळी घातली आणि खाटेला पिशवी लटकवली. पिशवी कोरडीच. रक्तातलं क्रिएटिनिन वाढत होतं. किडनी किती साफसफाई करते ते त्यावरून कळतं. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत वाट बघू. लघवी सुटली नाही तर डायलिसिस लागेल. म्हणजे मशीनने रक्त साफ करायचं. त्यासाठी मुंबईला हलवावं लागेल.”

तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. आपण घरी परत जातोय की नाही, कोण जाणे. डोळे मिटले, म्हटलं देवाचं नाव घ्यावं. तर समोर काय आलं? बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग! यांची आखणी कोण करणार, टेम्पो कधी येणार. पुन्हा नाव घ्यायला गेले, तर सोंडेवरची नक्षी आठवली. मला रडूच कोसळलं. जन्मभर देव रंगवले आणि वेळेला एकही ओळखीचा निघू नये!

शेजारच्या खाटेवर दम्याने आलेल्या एक मुसलमान मावशी होत्या, सगळा वॉर्ड त्यांना खाला म्हणे. मुलगा सौदीला, सून डबा घेऊन येई. त्यांनी विचारलं, “का रडतेस गो?”

“खाला, देव आठवतच नाय. नुसतं कामच आठवतंय.”

“मग गप पड. तो काय हजेरी घेतो व्हय?”

मला रडता रडता हसू फुटलं. तेवढ्यात ह्यांचा फोन आला, कानाची गुलाबी छटा कुठल्या डब्यात आहे विचारायला. मी फोन भावाच्या हातात दिला आणि खरंच गप पडून राहिले. कित्येक वर्षांत अशी पडले नव्हते. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही, खोटं कशाला सांगू. भीती होतीच. पण तिच्याशी झटापट थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई पिशवी बघायला वाकल्या आणि ओरडल्या, “आली, आली!” खालांनी वर हात केले, “शुक्र हाय!” भाऊ तर नाचायचाच बाकी होता. माझे हात आपोआप जोडले गेले. कुणापुढे? त्या पिशवीपुढे! हसा खुशाल. काही मागायचं सुचलंच नाही, एवढं भरून आलं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी सोडलं. बाकी आखणी शेजारच्या कारखान्यातल्या वहिनींनी पार पाडली होती, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण मूर्तिकाराच्या घरचा गणपती नेहमी सगळ्यात शेवटी होतो, आणि तोवर वहिनी दमून गेल्या होत्या. मग ह्यांनीच आयुष्यात पहिल्यांदा आखणीचा कुंचला धरला.

“तू बघू नको,” हे म्हणाले. “बिघडलंय.”

बिघडलंच होतं. एक डोळा दाराकडे, दुसरा माझ्याकडे. दोन रेघांत मी सरळ केला असता. कुंचला तिथेच होता, हातही शिवशिवला. पण मी रंगवलेले डोळे मी कधी पाहिलेच नव्हते, रेघ चुकली का तेवढंच बघायची. हे डोळे माझ्या हातचे नव्हते. त्यातला एक का होईना, मला बघत होता.

बाहेर टेम्पोवाले, गिऱ्हाईकं, हाका. मी भिंतीला टेकून त्या गणपतीसमोर बसले.

“आलास?” म्हटलं. “बस. आज मलाही कुठे जायचं नाय.”