बंद दाराबाहेरच्या माश्या

कुठे फवारणीचा उग्र वास नाकात शिरला की मला देवळ्याकडचं ते कांदा बियाण्याचं शेत आठवतं. पांढरे गोंडे फुलले होते आणि बांधावर आमच्या मधपाळ संघाच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. पोळं दिसलं की टेंभा लावणारे शेतकरी आता बी चांगलं धरावं म्हणून आम्हाला बोलावून नेत होते, आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून मला त्याचा फार अभिमान होता. भर दुपारी शेजारच्या शेतात फवारणीचा पंप सुरू झाला. मी धावत गेले, हात जोडले. "दादा, दिवस मावळेपर्यंत थांबा, माश्या घरी येऊ द्या." "आन माझा कांदा फुलकिड्यांनी खाऊ द्यायचा? पंप दुसऱ्याचा हाय, सांजेला परत द्यायचाय. तुम्ही लय शिकल्या ताई, पण पोट मलाबी हाय." वारा आमच्याच पेट्यांकडे वाहत होता. परतले तर संघातल्या काकू ओली गोणपाटं घेऊन उभ्या. "पेट्यांची दारं लावू का? निम्म्या माश्या बाहेर हायेत गं." "लावा," मी म्हणाले. मग बाहेरच्या येऊ लागल्या, औषधानं भिजलेल्या, पायांना पराग घेऊन, आणि बंद दारावर एकमेकींवर चढत वाट शोधू लागल्या. "एक फट तरी ठेव," काकू रडत म्हणाल्या. मी ठेवली नाही. त्यांच्या अंगावरून विष आत गेलं असतं. उजाडताना दारं उघडली तेव्हा आतल्या जिवंत होत्या, आणि आधी त्यांनी दारातल्या मेलेल्या ओढून बाजूला केल्या. आज संघाच्या पेट्या तालुकाभर जातात, मला भाषणाला बोलावतात. मी मात्र कुठल्याही शेतात शिरले की आधी वारा कुठून येतोय ते बघते.