चुन्यावर शिपडलेलं पाणी

मास्तरनं चुन्यावर पाणी शिपडलं.

चुना आमच्या घरचा. माझा बा कातडी कमावतो. कातड्याचे केस काढायला हौदात चुना घालावा लागतो, म्हणून भट्टीतला ताजा कळीचा चुना आमच्या घरी कायम. दुसऱ्या दिवशी मिडलचा साइंसचा इम्तिहान व्हता. परभणीहून साहेब येणार, त्यांच्यापुढं चुन्याच्या पाण्याचा प्रयोग करायचा. तर मास्तर मला म्हणले, "तुझ्या बापाकडून मूठभर कळ्या आण. ताज्या आण."

मी पळत गेलो आन् पळतच आलो. लय आनंद झालता मला, खोटं कशाला बोलू. सगळ्या वर्गात मलाच सांगितलं व्हतं.

फडक्यातल्या कळ्या पायरीवर ठेवल्या आन् चार पावलं मागं सरकलो. आमच्या हातचं काहीबी असो, वही असो, पाटी असो, ते पायरीवर ठेवायचं. मग मास्तर तांब्यातलं पाणी शिपडणार, मग उचलणार. रोजचंच. मास्तरनं शिपडलं.

कळीचा चुना हाय तो. सुस्स झालं. कळ्या फुगल्या, तडकल्या, भपकन वाफ आली. मास्तर तवर उचलायला वाकलेले. मनगटावर गरम चुना उडला.

साइंस शिकवणाऱ्या माणसानं चुन्यावर पाणी टाकलं. धडा हाय त्याचा पुस्तकात. त्यांनीच माझ्याकडून पाठ करून घेतलता. पण हाताला धडा आठवला न्हाई, हाताला सवय आठवली.

"काय आणलंस रे भडव्या?"

छडी फेकून मारली. बाकीच्या पोरांना हातात धरून मारतेत, आमाला फेकून. कपाळावर बसली. खूण हाय अजून. वर म्हणले, "छडी पायरीवर ठेव." मी उचलून ठेवली. तिच्यावरबी पाणी शिपडलं.

दुसऱ्या दिवशी इम्तिहान. साहेब खुर्चीत, मास्तर बाजूला, मनगटाला चिंधी गुंडाळलेली. पोरं आत रांगेत, मी उंबऱ्यापाशी. आमच्या शाळेत सगळं उर्दूत. साहेबांनी मला इचारलं, "चूने पर पानी डालें तो क्या होता है?"

"गरम होता है साहब. फूलता है. भाप निकलती है."

"किताब में पढ़ा?"

"पढ़ा भी, देखा भी. कल, मास्तरसाहब के हाथ पर."

पोरं फिदीफिदी हसली. साहेबबी हसले. आईची आन, मी टोमणा न्हाई मारला. इचारलं ते सांगितलं.

मास्तर हसले न्हाईत.

मग प्रयोग. टेबलावर एकच काचेचा पेला, त्यात चुन्याचं निवळ पाणी. एकेकानं पपईचा पोकळ देठ पाण्यात घालून फुंकायचं. आपल्या श्वासानं पाणी दुधासारखं पांढरं व्हतं. ते का व्हतं ते सांगायचं. मग पेला इसळून पुन्ना भरायचा, दुसऱ्यानं फुंकायचं. ह्याचे नंबर न्हाई मिळाले तर साइंस नापास, साइंस नापास तर मिडल नापास. मिडल झालं की परभणीची मोठी शाळा. न्हाई झालं की बाचा हौद. मला दोनच दारं व्हती आन् मधी तो पेला.

माझी बारी आली. देठ घरूनच तासून आणलता. मी टेबलापाशी गेलो, वाकलो.

"सरक," मास्तर म्हणले. "तुझा श्वास नको त्यात."

काल माझा चुना चालला. त्याच चुन्याचं पाणी पेल्यात व्हतं. श्वास चालंना.

साहेबांनी इचारलं काय झालं. मास्तर त्यांच्या कानाशी लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांना पूर्णेला जाऊन गाडी धरायची व्हती. म्हणले, "जो आप लोगों का रिवाज है." झालं. मास्तरनं वहीत माझ्या नावापुढं लिव्हलं. मी समोर उभा व्हतो, मला अक्षरं उलटी दिसत व्हती, तरी वाचली. मास्तरनंच शिकवलं व्हतं वाचायला.

गैरहाजर.

मी तिथं उभा. तोंडात देठ. गैरहाजर.

तिसऱ्या दिवशी मास्तरनं बाला बोलावलं. बा उन्हात उभा, वहाणा काढून काखेत. मास्तरच्या पायात बानं कमावलेल्या कातड्याचा जोडा. त्याच्यावर कधी पाणी शिपडलेलं मी बघितलं न्हाई.

"पोरगं हुशार हाय तुझं," मास्तर म्हणले. "माझं काय वैर हाय का त्याच्याशी? त्या दिवशी ताप आलता, म्हणून आलो न्हाई, येवढं लिव्हून दे म्हणावं. साहेबांना कळवतो. तोंडी घेतील, पास करतील."

बा माझ्याकडं बघायला लागला. "लिव्ह की सोन्या. मायबाप म्हणतेत तर. तुझं काय जायलंय?"

बाचे हात बघितलेत का कुणी? चुन्यानं बोटाची कातडी गेलेली, भाकर मोडताना मीठ झोंबतं. त्या हातांसाठी मी लिव्हायला पायजे व्हतं. एक ओळ. ताप आलता.

कागद आन् दौत-टाक खाली ठेवले. मी मातीत बसलो. लिव्हलं. खाली नाव घातलं. पायरीवर ठेवून मागं सरकलो.

मास्तरनं वाचायच्या आधी तांब्या उचलला. सवय. शिपडलं. शाई फुटली, सगळा कागद निळा.

"काय लिव्हलतंस?"

"मी हजर व्हतो."

बानं खाडकन माझ्या थोबाडीत दिली. हातानं दिली, फेकून न्हाई.

मी म्हणलं, "दुसरा कागद द्या. पुन्ना तेच लिव्हतो."

दिला न्हाई. मी नापास झालो आन् हौदावर गेलो.

त्याला पाच वरसं झाली. आता माझ्याबी बोटाची कातडी तशीच झालीया. यंदा मी पुन्ना मिडलला नाव घातलंय. हसा खुशाल. मिशा फुटलेला घोडा, बारकाल्या पोरांत बसायलाय. मास्तर तेच. परवा मला म्हणले, "जमाना बदलायलाय. तू असं कर, आपला पेला घरून आण. कोपऱ्यात बसून फुंक. पुरे नंबर देतो."

बा म्हणला, "घे की पितळेचा पेला. घासून देतो."

मी न्हाई म्हणलं. ह्या खेपेला बानं हात उचलला न्हाई. नुसता हौदाकडं गेला.

उद्या इम्तिहान हाय. मी चुना न्हाई नेणार. पेला न्हाई नेणार. पपईचा देठ तेवढा तोडून आणलाय. सगळी पोरं ज्या पेल्यात फुंकतील त्याच पेल्यात मी फुंकणार. पाणी पांढरं व्हतंय का न्हाई ते साहेबांनी डोळ्यांनी बघायचं. आन् वहीत माझ्या नावापुढं काय लिव्हतेत ते वाचल्याबिगर मी टेबलापासून हलणार न्हाई.