ठमाबाईने पसंत केलेला आवाज

शेलार गावच्या त्या आळीत ठमाबाईच्या घरी आज काय शिजलंय, हे कुणाला विचारावं लागत नसे. साडेअकरा वाजले की ती गॅसपाशी उभी राहून बोंब ठोकायची, "आवो, वालाचं बिरडं केलंय! भाकरी दोन टाकू का तीन?" यावर पलीकडच्या घरातून आक्का हमखास ओरडायची, "तीन टाक गं!" आणि ज्याला विचारलं तो मोरू, ठमाबाईचा नवरा, दारात रस्त्याकडे तोंड करून ढिम्म बसलेला असायचा.

मोरूला ऐकू येत नव्हतं. भिवंडीच्या कापड कारखान्यात पस्तीस वर्षं लूम चालवले, त्याचं हे बक्षीस. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी गेली आणि मग माणसं गेली. एका फुकटच्या शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं. ते घातलं की ताटं-वाट्या डोक्यात आदळायच्या आणि माणसाचं बोलणं मात्र पिठात घोळल्यासारखं यायचं. चौथ्या दिवशी मोरूने ते साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि झाकण घट्ट लावलं.

कान गेले याचं ठमाबाईला एवढं वाईट वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी जातंच, कुणाचे गुडघे, कुणाचे दात. तिला खुपत होता तो पखवाज. मोरू गावच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला. दिवसभर शिफ्ट करून आला तरी पखवाजापुढे बसला की ताठ. तीन वर्षांपूर्वी सप्त्यात अभंग संपला, टाळ थांबले, बुवांनी बोलायला तोंड उघडलं आणि मोरू आपला डोळे मिटून वाजवतोय. कुणीतरी खांद्याला हात लावेपर्यंत वाजवत राहिला. मंडपातली पोरंटोरं हसली, दोन-चार मोठी माणसंही हसली. मोरूने पखवाजाला खोळ घातली, घरी आणून कपाटावर ठेवला, आणि त्या दिवसापासून तो कुणाच्या तोंडाकडे म्हणून बघेना. दार आणि रस्ता, रस्ता आणि दार. घरात नवरा आहे की टांगलेली पिशवी आहे, हे ठमाबाईला कळेनासं झालं होतं.

मग शेजारच्या केसरीनाथच्या नातवाची, भाविकची हळद आली. डीजेवाल्यांनी स्पीकरची भिंत रचली ती नेमकी ठमाबाईच्या मागच्या भिंतीला टेकून. चार वाजता त्यांनी बटण दाबलं आणि मांडणीवरची भांडी नाचायला लागली. ठमाबाई तोंडाचा पट्टा सुरू करणार, तेवढ्यात तिचं लक्ष त्याच भिंतीला लागलेल्या खाटेवर गेलं. मोरूचा उजवा हात गादीवर पडत होता. बरोब्बर ठेक्यात. ती पदर तोंडाला लावून तशीच बघत उभी राहिली. अर्ध्या तासाने हात थांबला आणि मोरू नाक मुरडून म्हणाला, "मशीन हाय. चामड्यावर हात पडत न्हाय कुनाचा."

तीन वर्षांत त्याच्या आपणहून बोलण्याचा हा सगळ्यात लांबचा पल्ला. ठमाबाईने त्याच पावली चपला घातल्या आणि लेकीचं घर गाठलं. रूपा हायवेच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती, नुकतीच ड्युटीवरून आली होती.

"रूपे, डीजेएवढा आवाज पायजे, पन वाजवनारा मानूस पायजे. कुठं मिलंल?"

रूपाने आधी आईच्या कपाळाला हात लावून बघितला. मग मोबाइलवर शोधाशोध केली आणि एक व्हिडिओ दाखवला. एक उघडाबंब माणूस सात-आठ ढोलांच्या मधोमध बसला होता आणि लूम खात्यातल्या माणसासारखा घामाघूम होऊन सगळे एकदम बडवत होता.

"हा कामाचा हाय," ठमाबाई म्हणाली. "याचं नाव काय?"

"याला रॉक म्हनतात आये. याचे फेस्टिवल होतात. दिवसभर."

"मंग चांगला बघ एखादा. म्हाताऱ्या मानसांना सोयीचा."

रूपाचं लग्न ठरवताना ठमाबाईने नऊ स्थळं बघून आठ नाकारली होती. घर कसं, पाणी कुठून येतं, संडास दाराला लागून आहे का, सासू बोलताना डोळ्यांत बघते का, सगळं तपासून. आताही तिने तोच शिरस्ता धरला. रूपाने फोन लावायचा, स्पीकर सुरू करायचा आणि ठमाबाईने पाटावर बसून चौकशी करायची.

पहिलं स्थळ मुंबईचं. फोनवरचा मुलगा साखरेत बुडवून काढलेला. "आजी, बिलकुल काळजी करू नका. सिनियर लोकांसाठी आपला वेगळा एसी हॉल आहे. आवाज तिथपर्यंत पोहोचतसुद्धा नाही. काचेतून बघायचं, मोठा पडदा पण आहे."

"पडदा घरी हाय माज्या," ठमाबाई म्हणाली आणि रूपाला फोन ठेवायची खूण केली.

दुसरं स्थळ एका तलावाकाठचं. तिथल्या बाई इतक्या हळू बोलत होत्या की ठमाबाईला वाटलं, त्यांच्याकडे कुणी आजारी आहे. सकाळी योगासनं, दुपारी बासरी, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात गिटार, आणि कानाला अजिबात त्रास नाही. "शांततेचा अनुभव," असं त्या तीनदा म्हणाल्या.

"शांतता नको हो बाई," ठमाबाई कळवळून म्हणाली. "ती रगड हाय आमच्याकडं."

तिसरं स्थळ पडघ्याजवळ, एका शेतावर. फोन मृणाली नावाच्या मुलीने उचलला. तीच तिथली व्यवस्था बघणारी. मागे कुणीतरी खांब ठोकत होतं आणि ती वैतागलेली होती. "आजी, खरं सांगू का? तुम्हाला झेपणार नाही. गेल्या वर्षी शेजारच्या एका आजोबांनी येऊन सांगितलं की तुमच्या आवाजाने म्हैस दूध देईना. छातीत धडधडतं हो. पैसे घेऊन तुम्हाला फसवायचं कशाला?"

ठमाबाईचा चेहरा उजळला. "रूपे, ही पोर खोटं बोलत न्हाय. हे घर चांगलं."

तरी नुसत्या फोनवर पसंती द्यायची तिची रीत नव्हती. रविवारी लेकीला घेऊन ती एसटीने पडघ्याला उतरली आणि रिक्षा करून शेतावर गेली. बघितलं तर माणसं मांडव घालत होती. तिने संडासाची कडी आतून लावून बघितली, पिण्याच्या पाण्याचा टँकर वाकून हुंगला, आंब्याची सावली दुपारी कुठवर सरकते ते विचारलं. शेवटी स्टेजकडे बोट दाखवून म्हणाली, "आनि आवाज कुठं बसतो?" मृणालीने दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या जागा दाखवल्या. ठमाबाईने दोन्हीकडे उभं राहून बघितलं आणि डावी बाजू पसंत केली, कारण तिथे ऊन येत नव्हतं.

आता उरला नवरदेव. मोरूला रॉक समजावून सांगायचं म्हणजे अख्ख्या शेलारला समजावून सांगायचं. ठमाबाईने सोपा मार्ग काढला, आहेराचा डबा त्याच्यापुढे धरला आणि ओरडली, "पडघ्याला लग्न हाय!" लग्नाला मोरू नाही म्हणत नसे, जेवण असतं. मात्र आळीतल्या सात बायका येऊन विचारून गेल्या, कुणाचं गं लग्न, आम्हाला कसं बोलावणं नाही.

पुढच्या शनिवारी मोरू पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा आणि काखेत आहेराचा स्टीलचा डबा अशा थाटात फेस्टिवलच्या गेटवर उतरला. डब्याची तपासणी झाली. हाताला गुलाबी पट्टी बांधली गेली, तेव्हा त्याने मान डोलावली, शहरातल्या लग्नात हल्ली काहीही करतात. पण आत शिरला आणि थबकला. शे-दोनशे पोरं-पोरी, सगळी काळ्या कपड्यांत. छातीवर कवट्या.

"ठमे," तो घाबरून म्हणाला, "कोन गेलं?"

ठमाबाई उत्तर देणार तेवढ्यात दंडापर्यंत गोंदवलेला एक दाढीवाला धावत आला, वाकून दोघांच्या पाया पडला आणि हाताला धरून त्यांना अगदी मागच्या टोकाला, आंब्याखाली घेऊन गेला. तिथे गादी होती, लोड होते, "ज्येष्ठांसाठी" अशी पाटी होती. आणि ज्येष्ठ म्हणून ती दोघंच होती. पोराने कोकम सरबत आणून दिलं, पंखा वळवून दिला. स्टेज तिथून काडेपेटीएवढं दिसत होतं.

वाजवायला सुरुवात झाली तसा ठमाबाईने मोरूचा हात धरला आणि पुढे निघाली. निम्म्या वाटेवर एका केस रंगवलेल्या मुलीने अडवलं. "अगं आजी, तिकडे नका जाऊ, बहिरे व्हाल!" आणि प्रेमाने परत आणून बसवलं. दुसऱ्यांदा ती दोघं कडेकडेने गेली, तर दाढीवाल्याने गाठलं आणि वडापाव देऊन परत आणलं. तिसऱ्यांदा अडवायला चौघे जण होते. एवढी लाघवी पोरं ठमाबाईने जन्मात बघितली नव्हती आणि एवढा संतापही तिला कधी आला नव्हता. मोरूने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तो कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे बघत होता, घरी बघायचा तसाच.

ते बघितलं आणि ठमाबाईचा बांध फुटला. ती तरातरा मृणालीला शोधत गेली.

"पोरी, तू खरं बोलनारी म्हनून तुज्याकडं आले. माजा मानूस पस्तीस वरसं लूमवर व्हता. कान गेलं त्याचं. पखवाज वाजवायचा, तो बी गेला. तुजा आवाज मोठा हाय एवढंच ऐकून मी आनलंय त्याला, आनि तुजी मानसं सरबत पाजून पाजून मला मागं ढकलतात! मला मान नको. मला आवाजापाशी बसव."

मृणालीने स्वतः दोन प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि डाव्या बाजूला, स्पीकरपासून चार हातांवर नेऊन ठेवल्या. कानात घालायचे स्पंजचे बोळे दिले. ठमाबाईने आपले घट्ट कोंबले आणि मोरूच्या वाटणीचे परत केले.

पुढचं गाणं सुरू झालं तसे ठमाबाईच्या पोटातले वडे उड्या मारायला लागले. तिने खुर्चीचे दांडे धरले आणि मोरूकडे बघितलं. मोरू आधी दचकला. मग त्याने तळहात छातीवर ठेवला, तिथे काय चाललंय ते चाचपल्यासारखा. मग हळूहळू त्याची पाठ सरळ झाली. टोपी डोक्यावर चढली. नजर ढोलांमागच्या पोराच्या हातांवर खिळली आणि मांडीवर त्याची बोटं पडायला लागली, आधी बिचकत, मग मोकळी. ढोलवाल्याने मध्येच चाल बदलली तर मोरूनेही बदलली, आणि शेवटच्या दणक्याला दोघांचे हात एकदमच पडले. ठमाबाई रडली. भरपूर रडली, कारण तिथे कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं.

तेवढ्यात मोरूने तिच्याकडे वळून काहीतरी म्हटलं. बोळ्यांमुळे तिला अक्षरही कळलं नाही. तिने कानांकडे बोट दाखवून हात हलवला, मला ऐकू येत नाही. मोरू बघतच राहिला आणि मग हसला. दात नसलेल्या बाजूनेही हसला. त्याने खुर्ची फिरवून तिच्यासमोर घेतली आणि ओठ मोठे करत, हात नाचवत, सावकाश तेच परत म्हटलं.

आणि ठमाबाईला सगळं समजलं. न समजायला काय झालं? लग्नानंतर ती त्याच्याच लूम खात्यात सुताच्या कांड्या भरायला जात होती. चाळीस लूम एकदम चालायचे, तिथे कान कुणाचेच उपयोगाचे नव्हते. सगळी माणसं ओठांवरून बोलायची. धागा तुटला, शटल अडकलं, शेठ येतोय, सगळं. घरात सासूसमोर तोंड उघडायची चोरी, म्हणून या नवरा-बायकोची भांडणं, लाडीगोडी, पहिल्या पोराची बातमीसुद्धा दोन लुमांच्या आरपार झाली होती.

"डावा हात कच्चा हाय पोराचा," मोरू सांगत होता. "उजव्याच्या जोरावर खातोय. आता बग, आता थांबंल. थांबला. आता तो जाड तारांवाला एकटाच हाय. पोटात लागतं बग त्याचं."

तो सांगत राहिला आणि ती बघत राहिली. मध्येच तिने विचारलं, पखवाज काढायचा का कपाटावरनं? मोरूने मांडीवरचा हात जरा जोरात मारला.

ठमाबाईच्या मनात मात्र निराळंच चाललं होतं. तीन वर्षं तो तोंड फिरवून बसला, खरं. पण आपणही तीन वर्षं गॅसकडे तोंड करून त्याच्या पाठीवर ओरडत होतो. एकदाही भाकरी ठेवून दारापर्यंत गेलो नाही. पाच पावलं होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

गाणं संपलं. पोरं दमून गप्प झाली. ठमाबाईने बोळे काढले, आणि सवयच वाईट, स्टेजकडे तोंड करून छाती भरून बोंब ठोकली, "आवो! भूक लागली का?"

दोनशे माना एकदम वळल्या. स्टेजवरचा ढोलवालाही बघायला लागला.

"वरडतीस कशाला?" मोरू म्हणाला. "हिकडं बगून बोल ना."

ठमाबाई त्याच्या अगदी समोर बसली. पदर सारखा केला आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, भूक लागली?

"कवाची," मोरू म्हणाला.